गावच्या मंडळीसाठी व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, गडचिरोली या बाजूच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक (पास्टर), वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि तरुण संघाची पोरं भेटली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. शहरातल्या मोठ्या चर्चकडे कॅमेरे असतात, पगारी माणसं असतात. इथली उत्तरं एक पाळक, चार-पाच गावं, एक बरा मोबाईल आणि बारावी झालेला एखादा हौशी पोरगा एवढंच भांडवल धरून दिली आहेत.

आमची मंडळी पंचवीस-तीस घरांची. सगळे एकमेकांना ओळखतात. आम्हाला हे कशाला?

तुमची माणसं तिथे आधीच जाऊन बसली आहेत म्हणून. रविवारी पहिल्या रांगेत बसणाऱ्या आजीला विचारून पाहा, रोज पहाटे मोबाईलवर कोणाचं वचन ऐकता? बहुतेक वेळा दूरच्या राज्यातल्या, हिंदी बोलणाऱ्या एखाद्या उपदेशकाचं नाव येईल. तो बोलत चांगलाही असेल. पण आजीचा गुडघा दुखतो हे त्याला ठाऊक नाही, तिच्या मुलाचं सोयाबीन भावाची वाट पाहत घरात पडून आहे हेही नाही. तुम्हाला आहे.

शिवाय गावातली माणसं आता गावात कुठे राहिलीत? पोरं पुण्याला कंपनीत, मुली नागपूरला नर्सिंगला, काही घरं हंगामापुरती कामाला बाहेर. त्यांना रविवारी कोणत्या चर्चला जावं तेच कळत नाही, आणि हळूहळू जाणं सुटतं. तेव्हा आधी दूर गेलेले, मग आजारपणाने घरात अडकलेले आणि त्यानंतर कुतूहलाने डोकावणारे शेजारी, असा क्रम ठेवा. जगाला सुवार्ता सांगणारं चॅनेल काढायचा उत्साह बऱ्याच जणांना असतो, पण आपल्याच मंडळीतल्या पोराला वर्षभरात कोणी फोन केलेला नसतो.

सुरुवात कशाने करावी?

व्हॉट्सॲपने. फेसबुक पेज आणि यूट्यूब नंतर, आणि नाही झालं तरी चालेल.

व्हॉट्सॲपवरही तीन वेगळ्या सोयी आहेत. ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. हा मुद्दा आपण हलका घेतो, पण तरुण मुलींचे आणि एकट्या राहणाऱ्या बायांचे नंबर अनोळखी लोकांच्या हाती पडतात ते इथूनच. म्हणून ग्रुप फक्त मंडळीतल्या ओळखीच्या लोकांचा ठेवा आणि नवीन माणूस ॲडमिनच्या मंजुरीशिवाय येणार नाही अशी सेटिंग करा.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर मावतात. निरोप प्रत्येकाला वेगळा, जणू त्यालाच पाठवल्यासारखा जातो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. अट एकच, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. बरेच पाळक 'पाठवतो पण मिळत नाही' म्हणतात, त्याचं कारण हे असतं. घरभेटीला गेलात की त्यांच्या मोबाईलमध्ये आपला नंबर स्वतः टाकून या. लहान मंडळीला मी हीच सोय आधी सुचवतो, कारण चार लोकांदेखत न बोलणारी बाई इथे दोन ओळी लिहिते.

तिसरं चॅनेल. भारतात ते सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण बोलणं एकतर्फी राहतं. तालुक्यातल्या आठ-दहा मंडळ्यांनी मिळून उपासनेच्या वेळा, शिबिरं, नाताळचे कार्यक्रम कळवायला ते ठीक आहे.

ग्रुपवर दिवसभर 'सुप्रभात', फुलं आणि फॉरवर्ड येतात. महत्त्वाचा निरोप त्यात बुडतो.

दोन ग्रुप करा. एकात फक्त ॲडमिन लिहितील: उपासना, मयत, सभा, रक्ताची गरज. दुसऱ्यात फुलं येऊ द्या. त्यावर चिडू नका, म्हातारी माणसं त्यातून 'मी बरा आहे' एवढंच सांगत असतात.

मात्र 'अमुक राज्यात चर्च जाळलं, दहा ग्रुपमध्ये पाठवा' असले निरोप तिथेही थांबवा. दोन बाण दिसणारा मेसेज फार हातांतून फिरलेला असतो. व्हॉट्सॲप तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जाऊ देतं, त्यामागे कारण आहे.

दर आठवड्याला टाकायचं तरी काय?

आवाज. आपल्याकडे लिहिलेलं वाचण्यापेक्षा ऐकलेलं जास्त पोचतं, विशेषतः पन्नाशीच्या पुढे. पाळकांनी दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज करावा: एक वचन, त्यावर चार वाक्यं, मंडळीतल्या एखाद्या प्रसंगाचा उल्लेख आणि प्रार्थना. सुंदर चित्रावर वचन छापलेलं पोस्टर दिवसाला पन्नास येतात. पाळकांचा स्वतःचा आवाज दुसरीकडे कुठे मिळत नाही.

वेळ शेतीच्या घड्याळाने ठरवा. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत सकाळी आठला टाकलेलं कोणी ऐकत नाही. पहाटे पाचला टाका, चहा होता होता ऐकतात. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया रात्री भाकरी झाल्यावरच मोबाईल हातात घेतात. पाऊस लांबला, बोंडअळी आली, भाव पडला, तर त्या आठवड्याचं वचन त्याच दुःखाला धरून असावं. या भागातल्या शेतकऱ्याच्या घरात काय चाललंय ते वेगळं सांगायला नको. पेरणी वाया गेल्याच्या दुसऱ्या दिवशी 'देव तुम्हाला भरपूर पीक देणार आहे' असं बोलणाऱ्या पाळकाचा पुढचा मेसेज लोक उघडत नाहीत.

विषय संपले असं वाटलं तर आपल्या मंडळीचा इतिहास काढा. यात विदर्भाकडे खजिना आहे. स्कॉटलंडहून आलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपुरात कामाला लागले. ते भूशास्त्रज्ञही होते, आणि १८६३ मध्ये टाकळघाटचं उत्खनन पाहून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेले. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपुरातच. पाळक घडवणारी, आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पर्यंत यवतमाळला होती. अकोला, खामगाव, अमरावतीकडे अलायन्स मिशनचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. तुमच्या गावच्या चर्चची पहिली वीट कोणी ठेवली, विहीर कोणी खणली, हे सांगणारी एखादी ऐंशी वर्षांची बाई अजून असेल. तिला अंगणात बसवून मोबाईल समोर ठेवा आणि बोलू द्या. असे तुकडे गावातले इतर लोकही ऐकतात, कारण ती गोष्ट त्यांच्याही गावाची असते.

भाषा शुद्ध ठेवावी की वऱ्हाडीत बोलावं?

तुम्ही ओसरीवर बसून जसं बोलता तसं. 'आपण गत रविवारी उपासनेस अनुपस्थित होता' आणि 'काऊन नाई आले जी रयवारी?' यांपैकी कशाला उत्तर येईल ते तुम्हीच ओळखा. वचन वाचताना पवित्र शास्त्राची मराठी राहू द्या, समजावताना आपली बोली येऊ द्या. भंडारा-गोंदियाकडे झाडीबोली आहे, तिलाही हेच लागू.

हा काही नवा शोध नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली, तेव्हाच मराठी माणसाला ती आपली वाटली. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरीवरचं भजन आपल्या भागात सगळ्यांच्या कानात आहे. मंडळीतलं भजनी मंडळ जसं गातं तसंच रेकॉर्ड करा. कीबोर्डवरचा तयार ठेका लावून त्याचं शहरी गाणं करायचा मोह आवरा.

मेळघाटात आणि गडचिरोलीत मात्र प्रश्न बोलीपलीकडचा आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी आणि माडिया द्रविड कुळातल्या. धारणी-चिखलदऱ्यात किंवा एटापल्ली-भामरागडात मराठी ही अनेकांची शाळेत भेटलेली भाषा आहे. तिथे मराठीतला सुबक व्हिडिओ नका करू. मंडळीतल्याच कोणाकडून तेवढाच मजकूर कोरकूत किंवा माडियात बोलून घ्या, मग मोबाईल कसाही असो.

आमच्याकडे नेटवर्क नाही. असलं तर वीज नाही.

मग व्हिडिओचा नाद सोडा. तीन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजला डेटा अगदी थोडा लागतो, कमकुवत नेटवर्कमध्येही तो रेंगाळत का होईना उतरतो. आठवडी बाजाराला लोक तालुक्याला येतात, तिथे रेंज असते. म्हणून आठवड्याचे सगळे मेसेज बाजाराच्या आदल्या रात्री पाठवून ठेवा. रेंज नसलेल्या पाड्यावर ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डात भरून नेणं अजूनही चालतं, त्यात कमीपणा मानू नका.

उपासना लाईव्ह दाखवावी का?

दर रविवारी नको, असं माझं मत. लाईव्ह सुरू झालं की पाळक मोबाईलकडे बघून बोलतात, एक पोरगा उपासनाभर वायर धरून बसतो, आणि समोर बसलेल्यांना आपण सेटवर आल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा संदेशाचा आवाज रेकॉर्ड करून संध्याकाळी पाठवा.

लाईव्ह खरंच उपयोगी पडतं ते मयतीला. मुलगा पुण्याहून निघाला, पोचेपर्यंत माती होऊन जाते. त्याला आणि मुंबईतल्या बहिणीला व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर घेतलं तर ती दोघं प्रार्थनेत असतात. सगळ्या जगाला दाखवायची काही गरज नाही. लग्न, नाताळची रात्र, पुनरुत्थान दिनाची पहाटेची उपासना, यांचं लाईव्हही कौतुकाने पाहिलं जातं.

करायचंच असेल तर नियम माहीत असू द्या. यूट्यूबवर मोबाईलवरून लाईव्ह जायला ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ जातो. नाताळच्या संध्याकाळी सहाला हे लक्षात येऊन उपयोग नाही. फेसबुकने अकाउंट किमान ६० दिवस जुनं आणि १०० फॉलोअर अशी अट घातली आहे, शिवाय फेब्रुवारी २०२५ पासून तिथले नवे लाईव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी काढून टाकले जातात. ठेवायचे असतील तर वेळेत उतरवून घ्या.

खर्च करायचा तर आधी कॉलरला लावायच्या माईकवर करा. चित्र थोडं अंधारं चालतं. टिनाच्या छपरावरचा पाऊस आणि पंख्याची घरघर यांतून शब्दच कळला नाही तर सगळं फुकट.

यूट्यूबने आमच्या गाण्यावर कॉपीराईटचा दावा लावला. देवाच्या गाण्यालाही मालक असतो का?

असतो. कवी वारल्यावर ६० वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क राहतो, आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो. टिळकांची पदं केव्हाच मोकळी झाली आहेत, तुम्ही स्वतः गाऊन खुशाल टाका. पण तेच पद एखाद्या कंपनीने कोणाकडून गाऊन घेतलं असेल तर ते रेकॉर्डिंग तुमचं नाही. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवायला सूट दिली आहे. ती चर्चमधल्या उपासनेपुरती आहे, असं समजून चाला. तेच रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवलं की बाब वेगळी होते. कराओके ट्रॅकचंही तसंच. हार्मोनियम-ढोलकीवर स्वतः गायलात तर बहुतेक कटकटी टळतात.

बाप्तिस्म्याचे, प्रार्थनासभेचे फोटो टाकले तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडू शकतं. सभेला आलेली बाई घरी 'मावशीकडे जाते' म्हणून आलेली असते. कोणी दारू सोडायला प्रार्थना मागायला आलेला असतो, कोणी नुसता मित्रासोबत. तुम्ही फोटो टाकता, 'आजच्या सभेला इतके आत्मे' लिहिता, संध्याकाळपर्यंत तो फोटो गावच्या दुसऱ्या ग्रुपवर लाल गोल काढून फिरतो. त्या माणसाचं पुढे काय होतं ते तुम्हाला दिसतही नाही. सासर, रोजगार, शेजार, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

म्हणून चेहरा दिसणारा प्रत्येक फोटो विचारून टाका, आणि विचारणंही नीट असावं. सगळ्यांसमोर 'फोटो टाकू ना?' म्हटलं की कोण नाही म्हणणार? सभा झाल्यावर एकेकाला बाजूला घ्या. नवीन आलेल्याचा फोटो विचारूही नका, काढूच नका. पाठीमागून काढलेला, वाद्यांचा, उघड्या शास्त्राचा, अंगणात मांडलेल्या जेवणाचा फोटो तेवढंच सांगतो.

संडे स्कूलच्या पोरांसाठी आईवडिलांची परवानगी कागदावर घ्या. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो. पोरांची नावं, शाळा, गाव फोटोखाली लिहू नका. आजाऱ्याचा खाटेवरचा फोटो 'प्रार्थना करा' म्हणून फिरवणं तर बंदच करा. त्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं.

चंगाईच्या (प्रार्थनेने आजार बरा झाल्याच्या) साक्षीचे व्हिडिओ खूप चालतात. आम्ही का नाही टाकायचे?

साक्ष द्यावी, पण आधी थोडं थांबून. 'प्रार्थनेने साखर गेली, गोळ्या बंद केल्या' असं कोणी कॅमेऱ्यासमोर बोललं आणि ते पाहून दुसऱ्या गावातल्या एखाद्या माउलीने इन्सुलिन बंद केलं, तर जबाबदार कोण? कायदाही इथे कडक आहे. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ठरावीक आजार चमत्काराने बरे करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसा कमावणं, आणि साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणं, हे गुन्हे आहेत.

देवाने धीर दिला, दारू सुटली, नवरा-बायको पुन्हा बोलायला लागले, कर्जाच्या काळात मंडळी दाराशी उभी राहिली, या साक्षी कोणाला अपाय करत नाहीत आणि गावात पडताळूनही पाहता येतात. उमरीसारख्या मिशन दवाखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या भागात औषध आणि प्रार्थना शेजारी-शेजारी ठेवली. आपली परंपरा ती आहे.

धर्माचं ऑनलाईन बोललो तर गुन्हा होतो का? कोणी कमेंटमध्ये शिव्या दिल्या तर?

संविधानाचं अनुच्छेद २५ धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. दुसऱ्याच्या देवाची टिंगल या हक्कात बसत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि २९९ (जुनी १५३-अ आणि २९५-अ) त्यासाठीच आहेत. कायद्याचं सोडा, ज्याच्या बैलजोडीने आपलं शेत नांगरलं त्याच्या पोळ्याला नावं ठेवायची नसतात.

'आमच्याकडे या, धान्य देऊ, नोकरी लावू' असा सूर चुकूनही येऊ देऊ नका. मदत वाटताना फोटो नको. मध्य प्रदेशात, छत्तीसगडात धर्मांतरासंबंधीचे वेगळे कायदे आहेत. मेळघाट, गोंदिया, गडचिरोलीकडच्या मंडळ्यांनी सीमेपलीकडे कार्यक्रमाचा निरोप फिरवण्याआधी वकिलाशी बोलावं.

शिव्यांना उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट घ्या, मग कमेंट लपवा. धमकी असेल तर पोलीस पाटील आणि ठाण्यात लेखी द्या. माणूस गावातलाच असेल तर मात्र आधी त्याच्या घरी जाऊन चहा घ्या. बरीच भांडणं तिथेच मिटतात.

ॲडमिनना एक धास्ती असते, कोणी काही टाकलं तर आपण आत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आहे की सदस्याच्या मजकुरात ॲडमिनचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर केवळ ॲडमिन म्हणून तो दोषी ठरत नाही. पण म्हणून डोळे मिटून बसू नका; वाईट मजकूर दिसताच काढा.

दानासाठी क्यूआर कोड टाकावा का?

मंडळीच्या नावाच्या खात्याचा असेल तर हो. पाळकांच्या खाजगी खात्याचा कधीच नाही, पाळक कितीही सज्जन असोत. महिन्याचा हिशेब त्याच ग्रुपवर टाका.

व्हिडिओ पाहून कॅनडातला कोणी 'पैसे पाठवतो' म्हणाला तर हुरळून जाऊ नका. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ती रक्कम २०२० च्या दुरुस्तीनंतर स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाचं बचतीतलं दान यात मोडत नाही. 'बंधू, तुमच्या चर्चसाठी भेटवस्तू पाठवली आहे, कस्टमची फी भरा' असा निरोप आला तर ती सरळ फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा.

अकाउंट कोणाच्या नावावर असावं?

मंडळीच्या वेगळ्या सिमवर, दोन ॲडमिन, त्यातली एक बाई. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून पासवर्ड कागदावर लिहून सचिवांच्या कपाटात ठेवा. पाळकांची बदली होते, पोरगा शिकायला जातो, आणि पेज त्यांच्यासोबत जातं. हे फार ठिकाणी झालं आहे. सिमचा रिचार्ज चुकवू नका, बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो.

आमच्या व्हिडिओला जेमतेम चाळीस व्ह्यू येतात. चालू ठेवावं का?

चाळीस कोण, ते सांगा. त्यात छत्रपती संभाजीनगरला राहणारी सून, दवाखान्यात असलेले काका आणि कधी चर्चला न आलेला शेजारचा मास्तर असेल तर तेवढे पुरेत. माहिती नसेल तर चार हजारही व्यर्थ. एका वहीत वेगळंच मोजा: या महिन्यात मेसेज ऐकून फोन किती आले, प्रार्थना कोणी मागितली, आणि त्यांपैकी कोणाच्या घरी आपण जाऊन आलो. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर महिनाभर व्हिडिओ थांबवा आणि गाडी काढा.

तरुण म्हणतात रील करू, वडील म्हणतात चर्चमध्ये मोबाईल नको. कोणाचं ऐकावं?

दोघांचं. उपासनेच्या वेळी रेकॉर्डिंगचा एकच मोबाईल चालू, बाकीचे पिशवीत. रील उपासनेनंतर अंगणात करा, टाकण्याआधी एका वडिलांना दाखवा. १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक छापायला लागले तेव्हा छापखाना हीच नवी गोष्ट होती, एवढं वडिलांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे साधाच फोन आहे त्यांचं काय?

त्यांची यादी आधी करा. तरुण संघातल्या प्रत्येकाने दोन-दोन घरं वाटून घ्यावी, शनिवारी संध्याकाळी फोन लावावा, उद्याची वेळ सांगावी, तब्येत विचारावी. मयतीचा निरोप मात्र फोनवर भागवू नका, घरी जाऊन सांगा.